कोरा रकाना

पालिकेच्या खोलीत सकाळचे ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते गजांच्या सावल्या भिंतीला टेकवून ठेवी, मग फायलींच्या पाठीवरून सरकत, धुळीचा एकेक कण उजळत खाली उतरे. त्या दिवशी ते नव्या खुर्चीच्या मागच्या पायापाशी आले आणि तिथल्या बारीक भेगेत जाऊन थांबले. लिपिकाने मान वळवली.

त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत. कोणत्या अधिकाऱ्याचा कोणता नातेवाईक पालिकेला माल पुरवतो, हे दरवर्षी लिहून घेणे त्याचे काम. साडूचे रंगाचे दुकान निघाले म्हणून त्याने अभियंत्यांना खरेदीतून काढले होते. खरेदीचा माल तपासून पास करायचे ते काम मग त्याच्याच टेबलावर आले. त्याच्या स्वतःच्या पत्रकात नातेवाइकांचा रकाना कोरा होता.

अकराच्या सभेत नगराध्यक्षा तसल्याच एका खुर्चीसकट खाली आल्या. मनगट मोडले. बाराला चौकशी ठरली.

“मला नको,” अभियंता म्हणाले. “माझा साडू आता खुर्च्याही विकतो.”

“माझा मुलगा त्या पुरवठादाराकडेच कामाला आहे,” हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

“मग उरलं कोण?” अभियंता गालात हसले. “चाळणीसाहेब, माल पास तुम्हीच केलात, ते असू द्या. पण पत्रक फक्त तुमचंच कोरं. करा चौकशी!”

खरे निघाले, तर त्याची नोकरी जाणार होती, आणि त्याच्या ताईचे दुकानही.

दुपारी पुरवठादार आला. “खुर्ची नको,” म्हणत तो बाकावर बसला. बाई जबाब टाइप करू लागल्या.

चाळणीने खाली बघत छापील प्रश्न वाचला, “चौकशी अधिकाऱ्यांशी आपलं काही नातं?”

“काय सांगू? तुझ्या ताईला विचारून येऊ?”

टाइपिंग थांबले.

“ताईच्या लग्नापासून आपलं बोलणं नाही, भावोजी,” तो कुजबुजला. “बोलणंच नाही, म्हणजे नातं...”

“साहेब,” बाईंनी चष्म्यावरून पाहिले, “ते ‘भावोजी’ घेऊ का जबाबात?”

भिंतीवरचे ऊन केव्हाच निघून गेले होते.

“घ्या,” तो म्हणाला. मग कोणी विचारले नसताना पुढचे वाक्यही त्यानेच सांगितले. माल पास करताना त्याने एका खुर्चीवर बसून पाहिले होते, आणि ती तेव्हाही डुगडुगली होती.