बलस्थान संवर्धन कक्ष

आमच्या परळच्या शाळेत यंदा 'बलस्थान संवर्धन कक्ष' स्थापन झाला. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची बलस्थाने हेरावीत आणि रोज एक तास त्यांना आपल्या हातांनी काहीतरी घडवू द्यावे, असा उदात्त हेतू. प्रवेशाची अट एकच : मुलाने 'माझी बलस्थाने' हा दोनशे शब्दांचा निबंध स्वहस्ताक्षरात, खाडाखोड न करता लिहावा.

माझी उर्वी नऊ वर्षांची. तिला अक्षरे जागेवर सापडत नाहीत. बाकी सगळे सापडते. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या देखाव्यातला राक्षस मान हलवेना. कारागीर दौलतकाकांनी मोटर तीनदा उघडली. ही मंचाखाली सरपटत गेली, दोन दोऱ्यांची अदलाबदल केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काका, आता लावा." राक्षसाने मान हलवली. काकांनी स्वतःचा पाना तिच्या हातात ठेवला.

निबंधाला ती तीन संध्याकाळी बसली. जीभ बाहेर, पेन्सिल घट्ट मुठीत. चार ओळी झाल्या, सगळ्या राक्षसाबद्दल. कक्षप्रमुख लतिका मॅडमनी त्यांत एकोणीस लाल वर्तुळे काढून अर्ज फेटाळला. कारण : 'अर्जदारास डिस्लेक्सिया असल्याचे दिसते.'

"मॅडम, कक्ष त्याच मुलांसाठी आहे ना?"

"हो तर. पण लेखी पुरावा नको? उद्या कोणीही येऊन सांगेल, मी राक्षस हलवते."

मी मोबाइलवर राक्षस दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, कौतुकाने उर्वीच्या गालाला हात लावला आणि व्हिडिओचे वर्णन मुलीनेच लिहून जोडावे असे सुचवले.

अखेर तोडगा निघाला. वर्षभर उर्वीला निबंधाची जादा शिकवणी. ती शिकवणी हस्तकलेच्या तासाऐवजी. मंडळात जाणेही बंद, लक्ष विचलित होते म्हणून. संमतीपत्र छापील होते : 'पाल्याची बलस्थाने जोपासली जावीत, यासाठी ती तूर्त थांबवण्यास माझी हरकत नाही.'

उर्वी मला खेटून उभी होती. हळूच म्हणाली, "आई, तू वाच हं नीट. मला वेळ लागतो."

मी नीट वाचले. दोनदा वाचले. मग सही केली. शिकवणीच्या जागा वीसच होत्या, आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती.

तुम्ही केली नसतीत म्हणता? मग तुमच्या मुलांच्या चित्रकलेच्या तासाला सध्या गणित कोण शिकवते, तेवढे विचारून या. आणि ते सुरू झाले तेव्हा शाळेला धन्यवादाचा मेसेज कोणी पाठवला होता, तेही.