पंख्याने खाल्लेला 'व'

"आज एकसुद्धा माणूस उपाशी परत गेला, तर नावाचा मास्तर नाही!" मास्तरांनी सकाळी सकाळीच जाहीर करून टाकलं.

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत-शिक्षक. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, पण आवाज काही सुटला नव्हता. त्यांनी घरात "ऊठ!" म्हटलं, की शेजारचे काका अर्ध्या जेवणावरून उठायचे! दर गुरुवारी मास्तर आणि मास्तरीणबाई वाचनालयामागच्या हॉलमध्ये गरजूंना फुकट जेवण द्यायचे. मसुराचं सूप आणि पाव, बस्स. सामान मिळायचं साठ जणांचं आणि माणसं यायची सत्तर. गेल्या गुरुवारी तर अकरा जण तसेच परत गेले. त्यातल्या एका आजींनी कोरडा वाडगा रुमालाने पुसून पिशवीत ठेवला आणि वर "असू दे हो" म्हणत मास्तरांचीच समजूत काढली. तेव्हापासून मास्तरांना घास गोड लागत नव्हता.

उपाय एकच होता. पाणी!

"अजिबात नाही!" मास्तरीणबाईंनी पळी उगारली. "माझ्या सुपात चमचा उभा राहतो. गरीब माणसाला काय जीभ नसते?"

"जीभ असते गं, पण पोटही असतं ना!"

"मग त्या पोटात नळ सोडा की थेट! मी कशाला हवी?"

बरीच जुंपली. शेवटी तह झाला. गर्दी फार वाढली, तर मास्तर हॉलमधून "पाणी वाढव!" अशी आरोळी ठोकणार, आणि बाई पातेल्यात एक जग पाणी ओतणार.

"ठीक आहे!" बाई फणकारल्या. "आज तुम्ही म्हणाल तेव्हा आणि तुम्ही म्हणाल तितकं. मी ब्रसुद्धा काढणार नाही. मग माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत, सांगून ठेवते!"

त्यात आज बेकरीवाल्या बाई यायच्या होत्या. पाव त्यांच्याकडूनच यायचा. इथलं जेवण चाखून, पुढे वर्षभर पाव द्यायचा की बंद करायचा, हे त्या ठरवणार होत्या.

बारा वाजता दार उघडलं. मास्तरांनी रांग मोजली. अठ्ठावन्न! म्हणजे पाण्याची गरजच नाही! मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि तो तह ते साफ विसरून गेले.

पहिले तीस जण बसले. वाढायला मास्तरांचा बालमित्र होता, निवृत्त पोस्टमन. त्याच्याकडे बघून मास्तर गरजले, "पाणी वाढ!" पोस्टमनने ग्लास भरले. आणि आत स्वयंपाकघरात, पंख्याच्या घरघरीत मास्तरीणबाईंनीही पातेल्यात एक जग ओतला! तो पंखा म्हणजे विमानच. "वाढ" काय आणि "वाढव" काय, शेवटचा 'व' तो आपणच खायचा.

"पाणी वाढ! तिकडे कोपऱ्यात! पाणी वाढ! इकडे आजींना!"

आत तीन जग पडले.

दुसऱ्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "सूप जरा अळणी आहे हो." मास्तर ओरडले, "मीठ वाढ!" पोस्टमन मिठाची वाटी घेऊन फिरला, आणि आत पातेल्यात मूठभर मीठ! मग सगळ्यांना तहान लागली. मग "पाणी वाढ!" मग अळणी. मग "मीठ वाढ!" मास्तर नुसते ओरडत होते, पोस्टमन नुसता धावत होता आणि मास्तरीणबाई दात-ओठ खात शब्द पाळत होत्या. पातेलं भरलं, तेव्हा त्यांनी बादली घेतली. बादली भरली, दुसरी घेतली!

"अरे," पोस्टमन धापा टाकत म्हणाला, "ग्लासात आणि वाडग्यात आता एकच दिसतंय. कशात काय ओतू?"

पण मास्तरांचं लक्ष होतं रांगेकडे. रांग संपतच नव्हती! नव्वद झाले, एकशे दहा झाले, एकशे चाळीस! छाती फुगली मास्तरांची. कीर्ती पसरली म्हणायची! तेवढ्यात समोर एक टोपीवाले आजोबा आले.

"अहो, तुम्ही मघाशीच जेवलात ना?"

"दोनदा जेवलो. म्हणूनच तर भूक लागली!"

मास्तर चमकले. मागे पाहतात तो सगळे तेच चेहरे! अर्धे जेवून आलेले, अर्धे स्वच्छतागृहाकडून. आणि त्यांच्यामागून बेकरीवाल्या बाई.

बाई बसल्या. समोर वाडगा आला. त्यांनी शांतपणे त्यात बोटं बुडवली, रुमालाला पुसली आणि हसून म्हणाल्या, "हात धुवायला कोमट पाणी! छान सोय केलीत. आता जेवण येऊ द्या."

मास्तर आत धावले.

"हे काय करून ठेवलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच! एकवीस जग पाणी आणि सात मुठी मीठ. ब्र काढला का मी?"

"अगं, मी ग्लासात वाढायला सांगत होतो!"

"मग 'वाढ' म्हणायचं!"

"'वाढ'च म्हणत होतो!"

दोघांनीही वर पंख्याकडे पाहिलं.

मास्तर मटकन पोत्यावर बसले. कान लाल झाले होते. वर्षभराचा पाव गेला होता आणि साठ जणांचं चांगलंचुंगलं अन्न आपल्याच तोंडाने बुडवलं होतं. दारात बेकरीवाल्या बाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी बादल्या पाहिल्या, सगळं ऐकलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"पाव दुप्पट देईन," त्या म्हणाल्या. "या सुपाच्या भरवशावर माणसं सोडवत नाहीत मला. पण अट एकच. पातेलं या बाईंच्या हातात, आणि मास्तरांनी हॉलमध्ये फक्त खुणेने बोलायचं!"

त्यांनी लगेच पावासाठी दुकानात निरोप धाडला. मास्तरांना जरा धीर आला. मिशीवरून हात फिरवत ते हळूच बायकोला म्हणाले,

"काही म्हण, पण आज एकही माणूस उपाशी परत गेला नाही!"

"जाईल कसा?" मास्तरीणबाईंनी दार लोटून हॉल दाखवला. "सगळे उपाशी इथेच बसलेत!"