हिरवोबाच्या चोचीबाबत, सर्वानुमते

हिरवोबाच्या चोचीच्या उजव्या कडेला, जिथे पिसं सुरू होतात तिथे, मोहरीच्या दाण्याएवढा करडा खवला आला होता. नुसत्या डोळ्यांना तो वाळलेल्या पिठासारखा दिसे. भिंगातून पाहिलं की त्यात बारीक भोकं दिसत, स्पंजला असतात तशी. माईंनी दोन्ही प्रकारे नीट पाहिलं आणि मग त्यांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी ते घरात सांगितलं.

कोणतंही काम एकट्याने केलं तर होऊन जातं, म्हणून महत्त्वाची कामं सर्वांनी मिळून करायची असतात. हे तत्त्व माईंच्या यजमानांचं, म्हणजे आप्पांचं. आप्पांची हयात कचेरीत गेली. सर्व संबंधितांचे अभिप्राय आल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद कधी हलला नाही. (काही अजून तिथेच असावेत.) निवृत्तीनंतर ही शिस्त त्यांनी घरी आणली. त्याआधी घर कसं चालत होतं हे आता कोणाला आठवत नाही. बहुधा चालत होतं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रस्ता ओलांडला की समोर. हिरवोबा आणि त्याची जोडीदारीण निळी, या दोन चिमुकल्या बजी पोपटांसाठी दाणे आणायला माई निघाल्या, तेव्हा जाता जाता त्यांनी तिथे विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, हे किडे आहेत, डोळ्यांना न दिसणारे. कातडीत बोगदे करून राहतात. पक्षी घेऊन या, वजन करू आणि त्या मापाने औषधाचा थेंब मानेमागच्या कातडीवर घालू. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. निळी बरी दिसली तरी तिलाही घालायचा, आणि पिंजऱ्यातल्या लाकडी दांड्या बदलायच्या. हयगय केली तर चोच वाकडी वाढते, मग दाणा सोलता येत नाही आणि पक्षी भरल्या वाटीपुढे उपाशी मरतो. एवढं सांगायला त्यांना जितका वेळ लागला, तितक्यात आप्पांचा चष्मासुद्धा पुसून होत नाही.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बैठक बोलावली.

पहिला ठराव माईंविषयी झाला. हिरवोबा माईंचा. घरात त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच, याविषयी दुमत नव्हतं. म्हणून माई हितसंबंधी ठरल्या, आणि हितसंबंधी व्यक्तीने मत द्यायचं नसतं. त्यांनी चहा देण्यास मात्र सभेची हरकत नव्हती.

आप्पांनी लसूण सुचवला. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे भाऊजींनी, तेल. मुलाने मोबाइलमध्ये बघून व्हिनेगर. जावईबापूंनी फोनवरून ऊन सुचवलं, कारण त्यांच्या घरी ते फार छान येतं. सूनबाई म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना पण?" हा अभिप्राय नसून प्रश्न असल्याने तो विचारात घेता आला नाही.

एकाचा उपाय घ्यावा तर बाकीच्यांचा अपमान, म्हणून सर्वांना मानाप्रमाणे एकेक आठवडा देण्यात आला. डॉक्टरीणबाई बाहेरच्या, त्यांचा क्रमांक शेवटी. त्यामागे न्यायही होता. त्यांच्या औषधाने पक्षी बरा होणारच असेल, तर त्यांना आधी घेणं म्हणजे घरच्या माणसांची संधी हिरावून घेणं नव्हे काय?

कार्यवाही चोख झाली. लसूण पिंजऱ्यात टांगला. किड्यांना नाक नसतं, माणसांना असतं. तेल भाऊजींनी सढळ हाताने लावलं. पिसं चिकटली, हिरवोबा अंग फुगवून थरथरत बसला. भाऊजी म्हणाले, "चमक बघा काय आलीय, वहिनी." व्हिनेगरने कातडी सोलवटली, याचा अर्थ ते आत पोहोचलं. उन्हाच्या आठवड्यात जावईबापू रोज फोन करून ऊन पडलं का विचारत. चारही उपाय शंभर टक्के यशस्वी झाल्याचं चौघांनी कळवलं. खवला तेवढा डोळ्यापर्यंत गेला. या काळात उपाय सुचवणारे चार, भिंगातून खवला पाहिलेली एक आणि पिंजरा धुणारीही तीच, ही संख्या स्थिर राहिली.

माई रोज पिंजऱ्याच्या तळाची ताटली बाहेर काढत. पूर्वी तिच्यात टरफलं साचत. आता अख्खे दाणे पडू लागले. हिरवोबा दाणा उचली, चोचीत फिरवी, आणि तो निसटे. पुन्हा उचली.

मग निळीच्या पायावर खवला दिसला. आप्पांनी स्पष्ट केलं की हे प्रकरण स्वतंत्र आहे. तिला लसणापासून सुरुवात करावी लागेल.

अखेर डॉक्टरीणबाईंची पाळी आली, त्या सकाळी भाऊजींनी हरकत घेतली. त्यांच्या आठवड्यात पाहुणे आले होते, तेल पूर्ण लागलं नव्हतं, त्यांना मुदतवाढ हवी होती. मुलगा म्हणाला, मग व्हिनेगरलाही हवी. सूनबाई म्हणाली, चोच गेली तरी चालेल, क्रम चुकायला नको. आप्पांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. इतक्या दिवसांत तिने प्रथमच मुद्द्याचं काही सांगितलं होतं.

बैठक पुन्हा बसली. इथे वाचकाचाही उल्लेख करायला हवा. थेंब कुठे घालायचा, कोणी घालायचा आणि दवाखाना किती लांब आहे, हे त्याला तिसऱ्या परिच्छेदातच समजलं होतं. तरी भाऊजींना मुदतवाढ मिळते की नाही ते ऐकायला तोही खुर्ची ओढून बसलाच आहे, आणि चहा का आला नाही म्हणून आतल्या दाराकडे बघतो आहे.

माई बाहेर आल्या त्या चप्पल घालूनच. हातात भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका होता आणि आत काहीतरी हलकेच खरवडत होतं.

"अगं, बस जरा," आप्पा म्हणाले. "अजून काही ठरलेलं नाही."

"तुमचं चालू द्या," माई म्हणाल्या. "माझं ठरलंय. मी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेतेय."