पोत्यातलं पिल्लू आणि सत्काराची शाल

एका जंगलात एक सशीण होती आणि तिला झोप लागत नव्हती. या कुशीवर वळली की वाटायचं, पिल्लू मेलं तर? त्या कुशीवर वळली की वाटायचं, पिल्लू जगलं तर?

मुलांनो, पहिली काळजी तुम्हाला कळली असेल. दुसरी कळायला ससा असावं लागतं. कारण ते पिल्लू कुत्र्याचं होतं.

सशिणीचं नाव शर्वरी. ती शिकलेली होती, त्यामुळे काळजी करायला तिच्याकडे विषय भरपूर होते. त्यात एक दिवस तिची मुलगी टिकली ओढ्याकडून धावत आली.

"आई, एक पोतं हलतंय!"

माणसं जंगलाच्या कडेला काय काय टाकून जातात. त्या पोत्यात एक पिल्लू होतं. कान मोठे, पोट आत गेलेलं, शेपूट मात्र चालू. टिकलीने त्याचं नाव ठेवलं पोत्या.

"नाव ठेवू नकोस हं," शर्वरी घाईघाईने म्हणाली. नाव ठेवलं की गोष्ट संपते, हे तिला माहीत होतं. पण तोवर पोत्या हाकेला ओ द्यायला लागला होता.

टिकलीचा बाबा मकरंद म्हणाला, "दोन दिवस ठेवू. मग बघू."

मुलांनो, घरातले सगळे मोठे निर्णय याच दोन वाक्यांनी होतात.

पोत्या खेळकर होता, पण चार उड्या मारल्या की बसायचा. जीभ निळी पडायची. शर्वरी त्याला घेऊन डॉक्टर शिंपीणबाईंकडे गेली. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारा इवलासा पक्षी. जंगलात तिच्याइतके बारीक टाके घालणारं दुसरं कोणी नव्हतं.

शिंपीणबाईंनी पोत्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ काढला नाही.

"काळजाला भोक आहे. शिवावं लागेल. आणि लवकर. हा वाढेल तसं तेही वाढेल."

"भोकातून काय सांडतं?" टिकलीने विचारलं.

"दम."

"मग तो गोळा करून परत भरायचा का?"

शिंपीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "भरता येत नाही गं. सांडायचा थांबवता येतो. पण आधी काउंटरवर बोलून घ्या."

काउंटरवर सरडा होता.

"विमा?"

"सशांचा विमा कुणी काढत नाही," मकरंद म्हणाला.

"का?"

"आम्ही कधी खाल्ले जाऊ याचा नेम नसतो, म्हणून."

सरडा राखाडी झाला. मग त्याने फांद्या समजावून सांगितल्या. जनरल फांदी, सेमी-प्रायव्हेट फांदी आणि डिलक्स फांदी.

"टाके तेच?" शर्वरीने विचारलं.

"टाके तेच मॅडम. डिलक्सला वारा चांगला लागतो."

आता गाजरांचं सांगते. शर्वरीच्या घरामागे एक खड्डा होता. त्यात टिकलीच्या शाळाप्रवेशासाठी साठवलेली गाजरं होती. शाळा मोरबाईंची. तिथे सशांना पिसारा फुलवायला शिकवत. आजवर एकाही सशाला पिसारा आला नव्हता, पण आत्मविश्वास फार यायचा. प्रवेशासाठी आईबाबांचीही मुलाखत होई. शर्वरी महिनाभर ओढ्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून "आम्ही तिच्यावर कसलंच दडपण टाकत नाही" हे वाक्य पाठ करत होती.

जनरल फांदी घेतली तर अर्धा खड्डा पोत्याला जात होता आणि अर्धा शाळेला उरत होता. जवळजवळ जमत होतं. मूठभर गाजरं कमी पडत होती.

आणि त्या मूठभर गाजरांसाठी शर्वरीने चूक केली. तिने सगळ्यांना दिसेल असं वडावर एक पान लावलं. 'पिल्लू आजारी आहे. मूठभर गाजरं कमी पडतात.'

बघता बघता पानाखाली पानं लागली. हरणाने जोडलेले खूर पाठवले. अस्वलाने रडका चेहरा पाठवला. माकडाने तेच पान दुसऱ्या वडावर नेऊन लावलं. घुबडाने काहीही न वाचता 'शुभ सकाळ' लिहिलं. एवढी पानं लागली की फांदी वाकली. गाजर एकही आलं नाही.

साळिंदरकाकू मात्र स्वतः आल्या.

"अगं शर्वरी, तुझ्याच पोरीला खाणारा दात तू तुझ्याच गाजरांनी बरा करतेस होय?"

"दात नाही काकू, काळीज."

"काळीज बरं झालं की दात येतातच."

शर्वरीला यावर उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे तिला कधीच वेळेवर सुचायचं नाही. भांडी घासताना सुचायचं. हे तर तेव्हाही सुचलं नाही.

मग आले कोल्हेसाहेब. मागे चार तरस.

"ताई, तुम्ही काळजीच सोडा. आता हे पिल्लू तुमचं राहिलं नाही. जंगलाचं आहे!"

समिती झाली. वर्गणी निघाली. वर्गणी म्हटल्यावर प्राणी हात आखडत नाहीत. जे मूठभर देत नव्हते ते टोपलीभर देऊन गेले. शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बघ मकरंद, आपण उगाच जंगलाला नावं ठेवतो."

त्या गाजरांतून मांडव उभा राहिला. कावळ्यांचा लाउडस्पीकर आला. सरड्याच्या काउंटरसमोर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर कोल्हेसाहेब होते, चारही तरस होते, आणि खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढा, पोत्या होता. 'करुणामूर्ती शर्वरीताई यांचा भव्य सत्कार.'

कोल्हेसाहेब दोन शब्द बोलायला उठले. ऊन डोक्यावर आलं, उतरायला लागलं, तरी पहिलाच शब्द चालू होता. शर्वरीच्या मांडीवर पोत्याची जीभ निळी पडत चालली होती.

"साहेब," तिने त्यांची शेपूट हळूच ओढली, "याला झेपत नाहीये."

"हे काय, समारोपच करतोय," असं म्हणून साहेबांनी पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं.

शेवटी शाल आली, श्रीफळ आलं आणि तबकात एक गाजर आलं. फोटो निघाला. फोटो झाल्यावर तरसाने गाजर उचलून घेतलं. पुढच्या सत्कारालाही लागतं म्हणे.

शर्वरी शालीसकट पळत काउंटरवर गेली. सरडा तिला पाहून सोनेरी झाला.

"मॅडम! त्या फ्लेक्सवरच्या तुम्हीच ना? तुमच्यासाठी डिलक्स फांदी राखून ठेवली आहे."

"आम्हाला जनरल हवी आहे."

"जनरल भरली. आणि करुणामूर्तींना जनरलमध्ये ठेवलं तर लोक आम्हाला काय म्हणतील?"

"अहो, पण आमची ऐपत नाही."

"ऐपत नसलेल्यांचा कधी सत्कार होतो का मॅडम?"

डिलक्स फांदीला अख्खा खड्डा लागत होता.

"दोन दिवस थांबू," मकरंद म्हणाला. "मग..." पण त्याने पोत्याकडे पाहिलं आणि 'बघू' काही त्याच्या तोंडातून निघालं नाही.

टिकली जमिनीवर बसली होती. तिने दोन्ही पंजे पोत्याच्या छातीवर घट्ट दाबून धरले होते.

"काय करतेस गं?"

"सांडू नये म्हणून धरलंय."

शर्वरी म्हणाली, "मकरंद, खड्डा उघड."

"आणि शाळा?"

"नाही आला पिसारा तर नाही आला."

हे ती मोठ्या धीराने म्हणाली. मग झाडामागे जाऊन थोडी रडली आणि परत येऊन डिलक्समध्ये वारा खरंच येतो का ते तपासलं. बेताचाच येत होता.

शिंपीणबाईंनी टाके घातले. शालही कामी आली. पोत्याला तिच्यावर निजवलं. शुद्धीवर आल्यावर त्याने सगळ्यात आधी शालीच्याच चावून चिंध्या केल्या. सगळे हसले. शर्वरीही हसली, पण तिने चिंधीवरच्या दातांच्या खुणा नीट बघून ठेवल्या.

दिवस गेले. जीभ गुलाबी झाली. पाय लांब झाले. साळिंदरकाकू येताजाता म्हणत, "आले गं दात!"

आणि एका सकाळी टिकली माळावर धावत सुटली. तिच्यामागे पोत्या. कान मागे, तोंड उघडं, धाप नाही की थांबणं नाही. सगळी झाडं ओरडायला लागली. "सांगितलं होतं! सांगितलं होतं!" शर्वरी त्यांच्यामागे पळत सुटली. ज्या काळजासाठी खड्डा रिकामा केला, ते काळीज तिच्याच पोरीच्या पाठीमागे सुसाट धावत होतं, आणि त्याचा एकही टाका उसवत नव्हता.

पोत्याने टिकलीला गाठलं. पाडलं. तोंड खाली नेलं.

आणि तिचा कान चाटून ओला केला.

शर्वरी धडपडत तिथे पोचली. "लागलं का? चावला का? तुझ्याहून जोरात पळतो का तो आता?"

"छे!" टिकली अंग झटकत म्हणाली. "मी मुद्दाम हळू पळत होते. शिवलेलं आहे ना त्याचं. उद्यापासून नाही सोडणार."

मोरबाईंच्या शाळेत त्याच दिवशी प्रवेश बंद झाले.

तात्पर्य : कुणाचा जीव वाचवायचा असेल तर गुपचूप वाचवावा. चारचौघांना कळलं की खर्च वाढतो.

हे तात्पर्य शर्वरीने टिकलीकडून पाठ करून घेतलं. शाळा नाही तर निदान एवढं तरी. टिकलीने ते न अडखळता म्हणून दाखवलं. मग इकडे तिकडे बघून ती आईच्या कानाशी आली.

"आई, ओढ्यापाशी अजून एक पोतं हलतंय. मी कुणालाच सांगितलेलं नाही."