मोहिते काकांचा पीच केक

केक ओव्हनमध्ये घालण्याआधी टिनवर गवंड्याची स्पिरिट लेव्हल ठेवून तो सपाट आहे का बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोहिते काका. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. तीस वर्षं इमारती बांधण्यात गेल्यामुळे किचनमध्येही साइटचीच भाषा. पीठ म्हणजे 'मिक्स', टिन म्हणजे 'शटरिंग'. आणि केक बाहेर आला की लगेच कापायची सोय नाही. "क्युअरिंग होऊ दे, केळकर! यल्ला यल्ला करून, घाई करून स्लॅब टिकत नाही."

जूनमध्ये जॉर्डनचे पीच आले की काकांच्या अंगातच यायचं. सुपरमार्केटमध्ये एकेक पीच हुंगून ते त्याचं भविष्य सांगत, "हा शनिवारी तयार, हा रविवारी." मागे गर्दी खोळंबलेली. काकू चार वर्षं सांगलीला, आजारी सासूबाईंपाशी. त्यामुळे काकांना आवरायला कोणी नाही. दर रविवारी डबा आमच्या दारात हजर.

आता कबूल करतो. तो केक आम्ही कधी खाल्लाच नाही. आमच्या घरात अंडं येत नाही, आणि काका पक्के मटणवाले. केक म्हणजे अंडं असणारच, हे मी धरूनच चाललो. विचारायचा संकोच वाटला. म्हणून हसून डबा घ्यायचा, केक कॉरिडॉरमधल्या कचऱ्याच्या चूटमध्ये सोडायचा आणि डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात चिवडा भरून परत करायचा. वर "काका, झकास झाला होता! पोरीने दोनदा मागून घेतला," असं ठोकूनही द्यायचं. असे दोन उन्हाळे गेले.

गेल्या जुलैत काका डबा घेऊन आले तेव्हा दार माझ्या मुलीने, इराने उघडलं.

"इरा, मोठा तुकडा तुझा हं."

"नो अंकल, वी डोन्ट ईट इट. इट हॅज एग. बाबा थ्रोज इट डाउन द चूट."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांच्या रॅककडे बघत होतो.

"अंडं?" ते म्हणाले. "अरे, पहिल्याच गणपतीला वहिनी बोलल्या होत्या की तुमच्यात चालत नाही. म्हणून तर घालत नाही मी. टिनपण वेगळा ठेवलाय. अंड्याशिवाय जरा कडक होतो, पण म्हटलं, तुम्ही गोड मानून घेता."

माझी कानशिलं तापली. माफी मागायची सोडून मी बरळलो, "मग स्वतःसाठी तरी अंडं घालून करायचात, काका."

"एकट्यासाठी कोण केक करतं?" ते म्हणाले. "खलास. जाऊ दे." आणि डबा घेऊन वळले.

मी त्यांचा हात धरला. अक्षरशः ओढूनच आत आणलं. माझ्या बायकोने मान खाली घालून बशा मांडल्या. केक कडक होता, जडही होता. पण आतला पीच इतका गोड होता की मला स्वतःची आणखीच लाज वाटली.

मी दुसरा तुकडा मागितला. काकांनी सुरी तशीच हातात धरून आधी माझा चेहरा नीट न्याहाळला. खरंच हवाय की पुन्हा थाप मारतोय, ते बघत होते.