घोडा अशक्त आहे

राजाभाऊंना आयुष्यात एकदा गोळी झाडायची होती. स्टेजवर, खोटी, आणि एकच.

हे आधीच स्पष्ट करतो, कारण मी बर दुबईच्या आमच्या रंगमित्र मराठी मंडळाचा वृत्तांतलेखक आहे आणि नंतर लोक काहीबाही बोलतात. राजाभाऊ एका कोल्ड स्टोरेज कंपनीत स्टोअर मॅनेजर. मंडळात आल्यापासून पडदा ओढायचं काम त्यांच्याकडे. नाटकात भूमिका मागितली की आमचे अध्यक्ष उपेंद्रराव म्हणायचे, "राजाभाऊ, तुमच्यासारखा पडदा कोण ओढणार?" आणि हा भला माणूस खूश होऊन पुन्हा दोरी धरायचा. यंदा इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या गृहस्थांची ऐनवेळी अबू धाबीला बदली झाली आणि भूमिका राजाभाऊंच्या पदरात पडली. वाक्य एकच होतं: "हात वर!" मग गोळी, मग स्मगलर मरतो, मग पडदा. स्मगलर स्वतः उपेंद्रराव होते.

राजाभाऊंनी शारजाला जाऊन रोल्लाच्या बाजारातून पिस्तूल आणलं. प्लॅस्टिकचं, गुलाबी, खटका दाबला की लाल दिवा लागून वाढदिवसाची धून वाजायची.

"वीस दिरहम?" त्यांच्या सौभाग्यवती प्रमिलावहिनी म्हणाल्या. "म्हणजे साडेचारशे रुपयांच्या वर झाले की हो! आणि इन्स्पेक्टर काय स्मगलरचा वाढदिवस करणार आहे का?"

राजाभाऊंनी ते मनावर घेतलं. अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पिस्तुलाची जी सुधारणा सुरू झाली, ती पाहून माझ्यासारखा माणूसही थक्क झाला. धून काढून टाकली. आत बॉलपेनची स्प्रिंग बसवली. वरून काळं बूटपॉलिश. मुठीला लाकूड हवं म्हणून वहिनींचं लाटणं कापलं.

"अहो, माझं लाटणं!"

"लाटणं नाही, दस्ता आहे तो."

"मग आता पोळ्या काय तुमच्या कपाळावर लाटू?"

त्या आठवड्यात त्यांच्याकडे पोळ्यांऐवजी विकतचा अरबी रोट, खबूस, खाल्ला गेला. गोळ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. आधी मेणाच्या ओतल्या, त्या नळीतच बसल्या. साबणाच्या केल्या, त्यांना फेस आला. राजाभाऊ साखरेवर आले तेव्हा मात्र वहिनींना राहवलं नाही. "एकतारी पाकावर कसल्या लढाया करताय? सरका. गोळीबंद हवा." त्यांनी वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांत वळून पाहिला, आणि तुपाचा हात फिरवलेल्या चॉकलेटच्या साच्यात स्वतः गोळ्या ओतल्या. गोळीमागे धुरासाठी चिमूटभर तांदळाची पिठी ठासायची, ही युक्ती राजाभाऊंची.

पहिली चाचणी न्हाणीघरात झाली. फट्ट! गोळी गीझरला लागली, पांढरा धूर निघाला, वहिनींनी टाळ्या वाजवल्या. राजाभाऊंचे डोळे भरून आले. पिठी गेली, असं ते म्हणाले.

इथवर सगळं घरगुती होतं. पण आपण परक्या मुलखात राहतो. कायदा म्हणजे कायदा. इथल्या कायद्याला जेवढं घाबरायचं त्याच्या दुप्पट आम्ही मंडळात घाबरतो, म्हणून आजवर मंडळाला कुणी काही विचारलेलं नाही. तेव्हा राजाभाऊंना पिस्तुलाच्या परवानगीसाठी मंडळाच्या समितीकडे अर्ज करायला सांगण्यात आलं. नियम साधा आहे. अर्ज शुद्ध मराठीत हवा, एकही इंग्रजी शब्द आढळला तर अर्ज बाद. सोबत इंग्रजी प्रत जोडावी. दोन्हींत फरक निघाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य.

राजाभाऊंनी रात्रीचं जेवण सोडून शुद्ध मराठीत लिहिलं: "मी घरच्या घरी गोळीबंद पाकाच्या गोळ्या ओततो. त्यांमागे दारू म्हणून पिठी भरतो. घोडा ओढला की बार उडतो." इंग्रजीचं काम रिद्धीकडे असतं. ती आमच्या सचिव वीणाताईंची मुलगी, जन्मली वाढली इथेच. तिने मजकूर मोबाइलमधल्या ॲपला दिला आणि ॲपने दिलेलं इंग्रजी छापलं.

"नीट वाचलंस ना गं?" राजाभाऊंनी विचारलं.

"अंकल, आय जस्ट पेस्टेड इट. लुक्स फाइन टू मी."

ते इंग्रजी मी वाचकांच्या सोयीसाठी परत मराठीत सांगतो: "मी बुलेटप्रूफ पाकिस्तानच्या औषधी टॅब्लेट घरी ओततो. त्यांच्या पाठीमागे मद्य आणि मैदा भरतो. घोड्याला ओढल्यावर मद्यालय हवेत उडते."

समितीची बैठक उपेंद्ररावांच्या हॉलमध्ये भरली. वीणाताई बँकेत कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघायला, आहेत. त्यांनी चष्मा लावला आणि इंग्रजी प्रत समोर धरली.

"मुद्दे गंभीर आहेत. औषधं, मद्य, प्राणी आणि परराष्ट्र धोरण. टॅब्लेटसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. मद्य नाटकाच्या हॉलमध्ये अलाउडच नाही. आणि घोडा कुठे उभा करणार?"

"वीणाताई, घोडा म्हणजे पिस्तुलाचा घोडा हो! बोटाने ओढतात तो!"

"मला व्यक्तिशः माहीत आहे, राजाभाऊ. समितीला अधिकृतपणे माहीत नाही."

"पण समिती म्हणजे तुम्हीच ना?"

"म्हणूनच मला जपून बोलावं लागतं."

उपेंद्ररावांनी शांतपणे विचारलं, "घोड्याचं वजन किती?"

"कसलं वजन! चिमटीत मावतो तो. चार-पाच ग्रॅम असेल."

"वृत्तांतात घ्या," उपेंद्रराव माझ्याकडे वळून म्हणाले, "घोडा अशक्त आहे."

मी घेतलं. मग अशक्त घोड्याला भर नाटकात ओढणं मंडळाच्या संस्कृतीत बसतं का, यावर चर्चा झाली. बसत नाही, असं ठरलं. घोड्याला आधी खायला घालून धडधाकट करावं, अशी एक सूचना आली, ती पशुकल्याण उपसमितीकडे गेली. अशी उपसमिती नव्हती, ती तिथल्या तिथे नेमली. चहा आला. पाकाचा विषय निघाला तेव्हा वीणाताई म्हणाल्या की शेजारच्या देशाचं नाव मंडळात नकोच, उगाच शेजाऱ्यांना वाईट वाटायला नको, आमच्या बिल्डिंगमधली बरीच मंडळी तिकडचीच आहेत.

प्रमिलावहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. आता त्या ताडकन उठल्या. "अगं वीणा, पाक म्हणजे साखरेचा पाक! दिवाळीत माझ्याकडून डबाभर रव्याचे लाडू नेलेस ना? ते काय लाहोरहून आले होते?"

"वहिनी, लाडू छानच होते. पण ते रेकॉर्डवर नाहीत."

राजाभाऊ बिचारे गोगलगायीसारखे आक्रसून बसले. तालमीत मात्र ते रोज पिस्तूल खिशात घालून यायचे आणि रोज ते बाहेर काढायला मनाई असायची. "हात वर!" म्हणून बोट रोखायचं, एवढीच मुभा. त्यांनी सुधारित अर्ज केला. घोडा गाळून खटका लिहिलं: "खटका उडाला की बार उडतो." झालं! इंग्रजीत आलं की अर्जदाराचं भांडण झालं की तो मद्यालय उडवून देतो. आता राजाभाऊंच्या स्वभावाबद्दलच प्रश्न उभा राहिला. वीणाताईंनी त्यांच्याकडून शांत राहण्याची हमी मागितली. ती शुद्ध मराठीत, इंग्रजी प्रतीसह.

"अहो, पण मी कधी कुणाला अरे म्हटलंय का?" राजाभाऊंचा आवाज चढला.

"बघा," उपेंद्रराव म्हणाले, "खटका उडाला."

शेवटी वहिनीच त्यांना हाताला धरून नाटकाच्या हॉलवर घेऊन गेल्या. तिथले मॅनेजर इद्रीसभाई. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, खटका दाबला, तोंडावर पिठी उडाली. खाली पडलेली गोळी उचलून पाहिली, दुसरी ताजी मागून तोंडात टाकली.

"हबीबी, ये तो खिलौना है. मीठा है. बस काला मत रखो, पब्लिक डरेगा. वापस गुलाबी कर दो, और कार्पेट पे चिपकना नहीं चाहिए. यल्ला, खलास."

"लिखके देंगे?" राजाभाऊंनी विचारलं.

इद्रीसभाईंनी जागेवर ईमेल केला. चहा यायच्या आत. राजाभाऊंनी घरी येऊन लिंबाने घासून पॉलिश काढलं, पिस्तूल पुन्हा गुलाबी झालं, आणि ते ईमेल घेऊन जवळजवळ धावतच बैठकीला आले.

ईमेल वाचून समिती सुन्न झाली. "इतक्या लवकर परवानगी?" वीणाताई म्हणाल्या. "याचा अर्थ त्यांनी नीट विचारच केलेला नाही."

"आणि मंडळाला डावलून परस्पर परवानगी आणणं," उपेंद्रराव म्हणाले, "हे मी मनाला लावून घेत नाही. पण मंडळाने लावून घेतलं आहे."

मी स्वतः समितीच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. उद्या प्रत्येक जण असा थेट जाऊन परवानगी आणायला लागला, तर समितीने करायचं काय? तरीही समितीचं मन मोठं आहे. राजाभाऊंची भूमिका काढली नाही. पिस्तूल वीणाताईंच्या कपाटात ठेवलं आणि त्याऐवजी एक लॅमिनेट केलेली पाटी मंजूर केली: "गोळी झाडण्यात आली आहे असे समजावे." अट इतकीच की पाटीवर अध्यक्षांची सही हवी.

नाटकाचा दिवस उजाडला. हॉल भरलेला. राजाभाऊ इस्त्रीच्या खाकी कपड्यांत विंगेत उभे होते. पहिल्या रांगेत वहिनी. शेवटचा प्रसंग आला. राजाभाऊ स्टेजवर शिरले आणि असं खणखणीत "हात वर!" म्हणाले की माझेही हात वर गेले. मग त्यांनी छाती पुढे काढून पाटी उंचावली.

उपेंद्ररावांनी पाटी वाचली. मरायला गुडघे वाकवले. आणि थांबले.

"सही कुठे आहे?"

"तुमचीच करायची राहिली हो!" राजाभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "मरा ना आता!"

"असा कसा मरू? उद्या कुणी विचारलं तर?"

प्रेक्षकांत कुजबुज झाली. चौथ्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बरोबर आहे, सहीशिवाय कसा मरेल?" आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. पेन शोधलं गेलं. मिळालं ते चालेना. राजाभाऊ दिव्यांच्या उजेडात पाटी धरून उभे. घाम त्यांच्या मिशीवरून ओघळत होता. कपाळ पुसायला रुमाल काढावा म्हणून त्यांनी खिशात हात घातला. रुमालाऐवजी हाताला लागली ती वहिनींनी ओतलेली एक गोळी. त्यांनी ती बघितली. उपेंद्ररावांकडे बघितलं. वहिनींकडे बघितलं. आणि गोळी शांतपणे तोंडात टाकून चघळायला लागले. स्मगलर जिवंत राहिला. पडदा पडला नाही, कारण ओढणारा स्टेजवर होता.

मी वृत्तांत लिहिला, अर्थात शुद्ध मराठीत: "राजाभाऊंनी स्टेजवरच गोळी खाल्ली." रिद्धीने इंग्रजी प्रत केली आणि सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात आलं की राजाभाऊंना स्टेजवर गोळी लागली आणि त्यांनी ती झेलली.

पहिली श्रद्धांजली उपेंद्ररावांची. "रंगभूमीचा सच्चा सेवक हरपला." मग वीणाताई. मग रांगच लागली, जोडलेले हात, पांढरी फुलं, तेवणारे दिवे. काल त्याच माणसाशी हस्तांदोलन केलेल्यांनी "विश्वास बसत नाही" लिहिलं. कंपनीत बसून राजाभाऊंनी ग्रुप उघडला, दचकले आणि लिहिलं: "मंडळी, मी जिवंत आहे. डबा खातोय." त्याखालीही श्रद्धांजल्या येतच राहिल्या. प्रमिलावहिनींनी तर व्हॉइस मेसेज टाकला. तो मी इथे देत नाही, कारण तो शुद्ध मराठीत नव्हता.

समितीने तातडीने बैठक घेतली. राजाभाऊंनी हयातीचा दाखला द्यावा, शुद्ध मराठीत, इंग्रजी प्रतीसह. तोवर इन्स्पेक्टरची भूमिका पुढच्या वर्षासाठी रिकामी समजण्यात येईल. पडद्याची दोरी मात्र दिवंगतांकडेच राहील, असं ठरलं.

परवा राजाभाऊ मीना बाजारात भेटले. हातात नवं लाटणं होतं. "तुम्ही तरी सांगा हो," ते म्हणाले, "मी तुमच्यासमोर उभा आहे की नाही?" मी म्हटलं, मला व्यक्तिशः दिसताय.

तुम्हाला हसू येतंय. हसा. पण जमलं तर ग्रुपवर जरा वर जाऊन बघा. राजाभाऊंच्या "मी जिवंत आहे"च्या बरोब्बर खाली जे जोडलेले हात आहेत ना, त्यांच्यापुढे तुमचं नाव आहे.