देवीपुढची डबी

माणसानं संकल्प करावा तो एकट्यानं, मनातल्या मनात, आणि कुणाला कळू न देता. राणोजीरावांनी तो घरात केला, आईसमोर केला आणि सरस्वतीपूजेच्या दिवशी केला. पुढं जे झालं त्याला मग देवीसुद्धा काही करू शकली नाही.

संकल्प तसा साधा होता. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, तपकीर सोडायची.

राणोजीराव मद्रासला अड्यारच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घराणं तंजावरचं, घरात मराठी बोलणारं. पण तपकिरीला मात्र सगळे तमिळ रिवाजानं 'पोडी' म्हणत. मिसरूड फुटायच्या आधीपासून राणोजीरावांच्या नाकात पोडी होती. लग्नात हार घालताना ते शिंकले होते, आणि कामाक्षीनं तो शुभशकुन मानला होता (तेव्हा ती फार लहान होती).

पण नातीच्या बारशाला आक्रीत घडलं. आजोबांनी मोठ्या हौसेनं सीतालक्ष्मीला उचललं. पोरीपेक्षा तिचं नावच मोठं, एवढीशी ती. सदऱ्यावर सांडलेली पोडी तिच्या नाकात गेली आणि ती शिंकायला लागली ती थांबेचना. श्वास लागला, ओठ काळेनिळे पडले, तसंच तिला डॉक्टरकडे पळवावं लागलं. पोरगी वाचली. राणोजीराव दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसून राहिले. त्यांची लेक तुळजा बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, तुम्ही पोडी सोडा. सोडलीत तर पोंगलला पोरीला घेऊन येते. नाहीतर नाही." आणि ती अण्णा नगरला आपल्या घरी निघून गेली. बसनं तासाभराची वाट, पण राणोजीरावांना ती काशीइतकी लांब वाटली.

नवरात्र आलं. घरात कोलू मांडला, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर देवादिकांच्या बाहुल्या. नवमीला सरस्वतीपूजा. त्या दिवशी ज्याचं जे आयुध ते देवीपुढं ठेवायचं आणि पूजा हलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कामाक्षीनं शिवणयंत्र आणि विळी ठेवली. राणोजीरावांनी पेन आणि चष्मा ठेवला. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात विचार चमकला (तो आपला स्वतःचाच आहे, या आनंदात तो त्यांनी तपासून पाहिला नाही). ज्याला हात लावायचा नाही ते देवीपुढं ठेवायचं ना? त्यांनी पितळी डबी काढली, गंधाचं बोट लावलं आणि विळीशेजारी ठेवली.

"आई, पोंगलपर्यंत पोडी बंद. देवीला सांगून टाकलं."

राजसबाई ऐंशीच्या घरातल्या. कुलाचार त्यांच्या तोंडातून निघे आणि तिथंच संपे. त्या म्हणाल्या, "सरी, बरं. चांगलं केलंस."

रात्र बरी गेली. सकाळी विजयादशमी. राजसबाईंनी आरती केली आणि फर्मावलं, "आता पूजा हलवायची. ज्यानं जे ठेवलं ते त्यानं उचलून थोडं वापरायचं. म्हणजे वर्षभर त्याची वृद्धी."

कामाक्षी विळीकडे वळली. राणोजीरावांचं लक्ष डबीकडे गेलं.

"सगळ्यांनी?"

"मग काय! देवीनं आशीर्वाद दिलेली वस्तू तशीच टाकायची? घराला दोष लागतो."

"डबीसुद्धा?"

"तूच ठेवलीस ना? घे चिमूटभर."

इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आई, वेड लागलंय का तुला? पण राणोजीरावांनी आईचा शब्द कधी मोडला नव्हता. घाम पुसत ते म्हणाले, "पूजाच हलवायची नाही! पोंगलपर्यंत अशीच राहू दे. संकल्पच तसा आहे."

"मग सगळीच राहील," राजसबाई म्हणाल्या. "पूजा अर्धी हलत नाही."

अशी ती पूजा राहिली. विळी देवीपुढं, म्हणून कामाक्षी शेंगा हातानं मोडू लागली आणि भोपळा मागल्या दाराच्या पायरीवर आपटून फोडू लागली. शिवणयंत्र अडकलं, म्हणून शेजारणींचे ब्लाउज अडकले. त्यात कोलू मांडलेल्या घरी आलेल्या बाईला हळदीकुंकू आणि हरभऱ्याची सुंडल, म्हणजे सुकी उसळ, दिल्याशिवाय परत पाठवता येत नाही. आळीतल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. दिवाळी होऊन गेली, कार्तिकातले दिवे लागले, तरी त्या नटूनथटून येतच होत्या आणि ब्लाउजची चौकशी करून सुंडल खाऊन जात होत्या. कचेरीत राणोजीराव दोऱ्यानं बांधलेला जुना चष्मा लावून फाइली हात लांब करून वाचत. त्या दिवसांत रजेचे अर्ज सरसकट मंजूर झाले आणि साहेब म्हणून त्यांची कीर्ती वाढली.

पण तल्लफ कीर्तीनं भागत नाही. एका दुपारी घर निजलेलं पाहून ते कोलूपुढं उभे राहिले. हात आपोआप वर गेला. बोटं डबीला लागणार, तोच मागून आवाज आला.

"सीतालक्ष्मीला दात येताहेत म्हणे."

स्वयंपाकघराच्या दारात कामाक्षी बसली होती. मांडीवर शेंगा, बोटांची टोकं सोलवटलेली. एवढ्या दिवसांत तिनं विळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही. राणोजीरावांनी हात खाली घेतला, ते तिच्यासमोर बसले आणि शेंगा मोडू लागले. त्यांना फार लाज वाटली. त्यानंतर मात्र ते कोलूजवळ एकटे गेले नाहीत.

पोंगलच्या आदल्या दिवशीची भोगी आली. घरातलं जुनंपानं बाहेर काढून जाळायचा दिवस. सकाळचा धूर निवल्यावर दुपारी तुळजा पोरीला घेऊन आली. दारातच तिनं वडिलांच्या सदऱ्याचा वास घेतला, नखं पाहिली आणि मग सीतालक्ष्मीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. शिंकली नाही. तिनं आजोबांचं नाक मुठीत धरलं. राणोजीरावांच्या डोळ्यांना धार लागली.

"तुळजा," ते म्हणाले, "आज पूजा हलवूया. ती डबी तूच घे आणि भोगीच्या कचऱ्यात टाक. भरलेली होती, भरलेलीच आहे. उघडून पाहा."

तुळजानं डबी उघडली. पाहिली. उलटी केली. आत काही नव्हतं. घासून ठेवल्यासारखी डबी स्वच्छ होती.

तुळजानं वडिलांकडे एकदा पाहिलं आणि पोरीला घ्यायला हात पुढं केले.

"देवीशपथ!" राणोजीराव म्हणाले. "तुळजा, सीतालक्ष्मीशपथ, मी नाही..."

"पोदुम्," कोपऱ्यातून राजसबाई म्हणाल्या. "पुरे. मी घेतली."

सगळे वळले.

"देवीपुढची वस्तू विजयादशमीला वापरावीच लागते. याला घ्यायची नाही, पूजा हलवायची नाही. मग घराला दोष लागू द्यायचा? डबी जागची हलवली नाही मी. जागेवरूनच बोटभर घेतली आणि दाढेला लावली."

"एक दिवस?" तुळजानं विचारलं.

"एकदा सुरू केलं की वृद्धी होते म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"आणि माझी विळी, आत्याबाई?" कामाक्षीनं विचारलं. लग्न झाल्यापासून सासूला तिनं प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"विळी जागेवरून कशी वापरणार ग?" राजसबाई म्हणाल्या. "मी काय कोलूवर चढून बसू?"

पहिली हसली ती तुळजा. मग कामाक्षी हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसली. तुळजानं पुढं केलेले हात मागं घेतले. "अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही पास झालात हो." सीतालक्ष्मी मांडीवरच राहिली. राणोजीरावांना वाटलं, साऱ्या जन्मात ठरवलेली एक गोष्ट आपल्याकडून धड पार पडली.

"राणोजी," राजसबाईंनी हाक मारली. "संध्याकाळी डबी भरून आण. दाढ ठणकतेय. आणि येताना लांब धर. पोरीला सोसत नाही."

आईचा शब्द. संध्याकाळी राणोजीराव रिकामी डबी घेऊन बसस्टँडजवळच्या नारायणस्वामीच्या तपकिरीच्या दुकानापुढं उभे राहिले. नवरात्रापासून ते समोरच्या बाजूनं, मान वळवून जात आले होते. नारायणस्वामीनं त्यांना पाहिलं, तो कौतुकानं हसला आणि न विचारता डबी भरायला घेतली.

"माझ्यासाठी नाही," राणोजीराव मान ताठ करून म्हणाले. "मी सोडली. ही आईसाठी."

"होय सार," झाकण लावत नारायणस्वामी समजुतीनं म्हणाला. "पोडी सोडलेले सगळे पोंगलच्या सुमारास आईसाठीच नेतात."